आतल्या चाकाची खबर



कवीला आकाशवाणीवर बोलावलं, की हा आता पावसावर नाहीतर आईवर बोलणार असं लोक गृहीत धरतात. मी आज हवेवर बोलणार आहे. तीही रानातली मोकळी हवा नव्हे, टायरात कोंडलेली. विषय रुक्ष वाटेल, पण तुम्ही-आम्ही सहलीला जातो, लग्नाच्या वऱ्हाडात जातो, देवदर्शनाला किंवा उरुसाला जातो, ते या हवेच्या भरवशावर. तिची चौकशी मात्र फार थोडे जण करतात.

बस टायरवर उभी असते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ती हवेवर उभी असते. रबराचं आणि त्यातल्या तारांचं काम हवेला धरून ठेवायचं. ओझं पेलते ती हवाच. मोठ्या बसच्या टायरात साधारण ११० पौंड हवा असते, म्हणजे आतल्या प्रत्येक चौरस इंचावर ११० पौंडांचा दाब. मागच्या एका टायरवर अडीच टन भार आला, तर तो टायर रस्त्याला टेकतो ती जागा हिशेबानं पन्नास चौरस इंच निघते. शाळेच्या वहीचं एक पान घ्या, तेवढी! अशा सहा पानांवर चाळीस-पन्नास माणसं झोपून किंवा गप्पा मारत रात्रभर प्रवास करतात.

हवा कमी झाली, की तेवढंच ओझं पेलायला टायर जास्त पसरतो. त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. ताशी ऐंशी किलोमीटरनं धावणाऱ्या बसचं चाक मिनिटाला चारशेहून अधिक फेरे घेतं. लोखंडाची तार हातात धरून भराभर मागे-पुढे वाकवली, तर ती आधी गरम होते आणि मग तुटते. टायरचं तसंच. आत उष्णता साठत जाते, रबराचे आणि तारांचे थर एकमेकांना सोडू लागतात आणि एका क्षणी सगळं फाटतं. आपण म्हणतो, ‘अचानक टायर फुटला.’ तो अचानक फुटलेला नसतो. पुष्कळदा तासभर आधीपासून, कधी कित्येक दिवस आधीपासून, तो फुटायच्या वाटेला लागलेला असतो. आपल्याला त्याची खबर नसते, एवढंच.

माझ्या मामूंचं हमरस्त्यावर टायरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी आणि बाहेर रचलेले जुने टायर. शाळेच्या सुट्टीत मी तिथं बसायचो. ट्रक थांबला, की क्लीनर लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरायचा आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका देत गाडीला फेरी मारायचा. भरलेला टायर टणक वाजतो, टॉमी उसळून परत येते. बसलेला टायर भद्द वाजतो. मला तो आवाज ओळखता यायला लागला, याचं मला फार कौतुक होतं. मामू मात्र प्रत्येक क्लीनरला एकच प्रश्न विचारायचे, “आतल्याला विचारलंस का रे?”

ट्रकच्या आणि मोठ्या बसच्या मागच्या ॲक्सलला दोन्हीकडे जोडचाकं असतात. एक बाहेरचं, एक आतलं. बाहेरच्यावर टॉमी सहज बसते. आतल्यावर ठोका द्यायचा तर वाकावं लागतं, हात आत घालावा लागतो आणि अंधारात नेम चुकतो. मग क्लीनर बाहेरच्याला दोनदा ठोकून पुढं जातो. शिवाय ठोक्याची ही परीक्षा ढोबळ आहे. पूर्ण बसलेला टायर त्यात कळतो, पण ११०च्या जागी ८५ पौंड हवा उरली असेल, तर ती भल्याभल्यांच्या कानाला कळत नाही. अमेरिकेतले ट्रकवालेही लाकडी दांडक्यानं टायर वाजवून बघतात. तिथंही जाणते लोक हेच सांगतात, की आवाज ऐका, पण त्याला माप समजू नका.

जोडचाकांचा खरा धोका पुढंच आहे. साध्या मोटारीचं चाक बसलं, की गाडी एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याच्या हाताला ते कळतं. जोडचाकांत एकाची हवा गेली, तर शेजारचं चाक त्याचं ओझं मुकाट्यानं आपल्या अंगावर घेतं. गाडी कलत नाही, स्टिअरिंग ओढत नाही. बिनहवेचा टायर मात्र चिरडत, घासत फिरत राहतो. दोघांच्या बाजू एकमेकींना घासतात. आतला तापतो, बाहेरचा दुप्पट ओझ्यानं तापतो, आणि कधी कधी आग लागते ती इथं. तोवर चालकाच्या लेखी सगळं ठीक असतं.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. २०१६ साली आम्ही चार कवी सोलापूरचं संमेलन आटोपून बीडकडे निघालो होतो. गाडी होती पुस्तकांची. जुन्या बसमधली आसनं काढून दोन्ही बाजूंना फडताळं बसवलेली, मागे दोन माणसांना झोपायची सोय. गावोगाव जाऊन पुस्तकं विकणारी अशी बस तुम्ही पाहिली असेल. डाव्या बाजूला शब्दकोश, चरित्रं आणि कादंबऱ्यांचे जाड गठ्ठे होते. कवितांची पुस्तकं पातळ असतात, पण खपत नसल्यामुळे गठ्ठे तसेच राहतात, तेव्हा वजनात आमचाही वाटा होता.

मांजरसुंब्याच्या अलीकडे मागून एक ट्रक आला आणि दिवे उघडझाप करत, हॉर्न वाजवत आमच्या बरोबरीनं धावू लागला. आमच्या चालकाला वाटलं, त्याला रस्ता हवाय. शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, “पाव्हणं, मागं टायर जळतोय!” आम्ही उतरलो, तेव्हा डाव्या जोडचाकातून धूर येत होता आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. गाडीत पाण्याचे दोन जार होते आणि रस्त्याकडेला माती. ट्रकवाल्यानं आपलं आग विझवायचं नळकांडं आणलं. पुस्तकं वाचली. दोन्ही टायर गेले. आमचा चालक पुनःपुन्हा सांगत होता, “धाराशिवला मी स्वतः ठोकून बघितलं होतं, साहेब.” ते खरं होतं. त्यानं बाहेरच्याला ठोकलं होतं. दोन टायरांचे पैसे मालकानं त्याच्या पगारातून कापले, असं पुढं कळलं. त्यावर मी शेवटी बोलणार आहे.

त्या रात्री आमच्या आतल्या चाकाची खबर आम्हाला दुसऱ्या गाडीतल्या अनोळखी माणसानं दिली. हीच खबर देणारं एक यंत्र असतं. त्याला म्हणतात टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे टायरातल्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा. तिचं मोल ज्यांना सगळ्यात आधी मनापासून पटलं, त्यांत अमेरिकेतली बसमध्ये घर करून राहणारी माणसं होती.

अमेरिकेत आणि कॅनडात ही एक जुनी हौस आहे. नोकरीतून निवृत्त झालेलं जोडपं लांब पल्ल्याची जुनी बस किंवा शाळेची पिवळी बस विकत घेतं, आसनं काढून टाकतं आणि आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या आणि बॅटऱ्या बसवतं. मग वर्षातले काही महिने देशभर फिरायचं. कारखान्यातून तयार होऊन येणारी फिरती घरंही असतात, त्यांना मोटरहोम म्हणतात. पुष्कळ जण मागे आपली छोटी मोटारही जोडून नेतात.

अशा गाडीचे टायर तीन कारणांनी जिकिरीचे असतात. पहिलं कारण वजनाचं. पाण्याची टाकी चारशे लिटरची असली, तर भरल्यावर चारशे किलो एका ठिकाणी येतात. ओटा आणि फ्रिज एका बाजूला असतात. त्यामुळे चारी कोपऱ्यांवर सारखा भार पडत नाही. जाणकार मालक प्रवासाचं सगळं सामान भरून प्रत्येक बाजूच्या चाकांचं वेगळं वजन करून घेतात. टायर कंपनीचा एक तक्ता असतो. इतक्या वजनाला इतकी हवा. ज्या बाजूला जास्त भार असेल, तिच्या मापानं त्या ॲक्सलच्या सगळ्या टायरांत सारखी हवा भरायची, हा नियम. दुसरं कारण, ही गाडी महिनोन्‌महिने उभी असते. टायरची नक्षी नवी कोरी दिसते, पण उन्हानं आणि वयानं रबर आतून वठत जातं. तिसरं कारण जोडचाकांचं, ते आपण पाहिलंच.

आपल्याकडे असली फिरती घरं थोडी आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी ती अजून रस्त्यावर क्वचितच दिसतात. पण बदलून घेतलेल्या बसगाड्या आपल्याला अनोळखी नाहीत. चित्रीकरणाच्या जागी उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन, फिरते दवाखाने, रक्तदानाच्या गाड्या, फिरती ग्रंथालयं ही सगळी त्याच जातीची. आत जड यंत्रं किंवा फडताळं, भार एकीकडे, बराच काळ एका जागी मुक्काम आणि मग एके दिवशी लांबचा पल्ला. अमेरिकेतल्या निवृत्त जोडप्याची अडचण आणि आपल्या फिरत्या दवाखान्याच्या चालकाची अडचण एकच आहे.

आता या यंत्राकडे वळू. हवेचा टायर जुना. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो बनवला आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं हवा मोजायची ती गाडी उभी करूनच. धावत्या गाडीत दाबाची खबर देणारी व्यवस्था १९८६ साली पोर्शे ९५९ या महागड्या मोटारीत आली. तिथून ती श्रीमंतांच्या गाड्यांतच राहिली असती, पण २००० साल उजाडलं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या गाडीवर होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. या टायरांशी अडीचशेहून अधिक मृत्यूंचा संबंध पुढं जोडला गेला. टायर कंपनी गाडीकडे बोट दाखवत होती आणि गाडीवाले टायरकडे. त्या वादात एक मुद्दा हवेचा होता. गाडीवाल्यांनी २६ पौंड हवा ठेवायला सांगितली होती आणि टायरवाल्यांचं म्हणणं होतं ३० ठेवा. चार पौंडांचा फरक! अमेरिकी संसदेनं त्याच वर्षी कायदा केला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १ नोव्हेंबर २००० रोजी त्यावर सही केली. नियम ठरता ठरता, कोर्टकज्जे होता होता, १ सप्टेंबर २००७पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनात ही यंत्रणा सक्तीची झाली. कोणत्याही टायरातली हवा ठरलेल्या मापाच्या २५ टक्के खाली गेली, तर वीस मिनिटांच्या आत चालकासमोर दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम.

पण त्या नियमाला एक मर्यादा होती. तो दहा हजार पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या गाड्यांनाच लागू होता. आणि त्यातूनही ज्यांना जोडचाकं आहेत त्यांना वगळलं होतं. चार माणसांच्या मोटारीला खबर मिळाली. मोठी बस, फिरतं घर, शाळेची गाडी यांना नाही. ज्या चाकाला माणसाचा हात पोचत नाही आणि डोळाही पोचत नाही, नेमकं तेच कायद्याबाहेर राहिलं.

मग फिरत्या घरांच्या मालकांनी आपली सोय आपण केली. बाजारात वेगळे संच मिळू लागले. प्रत्येक व्हॉल्वच्या टोकावर आपण जी छोटी टोपी लावतो, तिच्या जागी बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर बसवायचा. आत दाब मोजणारी चकती, एक छोटी बॅटरी आणि रेडिओचा इवलासा प्रक्षेपक. होय, रेडिओच! मी आत्ता जसा तुमच्याशी लहरींवरून बोलतोय, तसा तो सेन्सर चालकाशी बोलतो. चालकासमोर हाताच्या पंजाएवढा पडदा असतो. त्यावर गाडीचं चित्र, आणि प्रत्येक चाकापाशी दोन आकडे. दाब आणि तापमान. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये मागच्या चाकाचा क्षीण आवाज पुढपर्यंत पोचत नाही, म्हणून मध्ये लहरी पुढं ढकलणारं एक छोटं यंत्र बसवतात. सहा चाकं बसची आणि चार मागे जोडलेल्या मोटारीची अशी दहा चाकं एका पडद्यावर दिसतात. काही सेन्सर टायरच्या आत रिमवरच बसवलेले असतात. ते चोरीला जात नाहीत, पण बॅटरी संपली की टायर उतरवावा लागतो.

आणखी एक स्वस्त पद्धत आहे, ती छोट्या मोटारींत असते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, त्यामुळे जरा जास्त फेरे घेतं. ब्रेकच्या यंत्रणेतले सेन्सर ते मोजून दिवा लावतात. पण चारी चाकांतली हवा महिनाभरात सारखीच उतरली, तर तुलनेला कुणी उरत नाही आणि दिवा लागत नाही. जोडचाकांत तर दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. म्हणून बसला थेट दाब मोजणारीच पद्धत हवी.

हे यंत्र लावतानाची पहिली अट म्हणजे, माप थंड टायरावर घ्यायचं. पहाटे, गाडी निघायच्या आधी. हवा तापली की फुगते. विदर्भातल्या जानेवारीत पहाटे दहा अंश असलेलं तापमान दुपारी तीसवर गेलं, तर ११० पौंडांच्या टायरात नुसत्या हवामानानं आठ-नऊ पौंड वाढतात. धावण्यानं चढतात ते वेगळे. ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. तेव्हा दुपारच्या धाब्यावर दाब वाढलेला दिसला, म्हणून हवा सोडायची नाही. सोडली, तर संध्याकाळी थंड झाल्यावर ती कमी पडते.

इथं आपल्याकडचा एक पक्का समज खोडून काढला पाहिजे. ‘उन्हाळ्यात हवा जरा कमीच ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही,’ असं मी कितीतरी चालकांकडून ऐकलंय. हे उलटं आहे. हवा कमी, म्हणजे टायर जास्त वाकणार. जास्त वाकणार, म्हणजे जास्त तापणार. आणि वर मे महिन्यातला सिमेंटचा रस्ता. उन्हाळ्यात टायर वाचवायचा, तर हवा मापात हवी. नायट्रोजन भरला की काळजी मिटली, हाही समज अर्धाच खरा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, जरा सावकाश उतरतो, पण उतरतोच. माप तेव्हाही घ्यावंच लागतं.

दुसरी अट, इशाऱ्याची रेघ वर ठेवायची. मोटारीचा २५ टक्क्यांचा नियम बसला उशिराचा आहे. ट्रक-बसच्या टायरवाल्यांत असं मानतात, की वीस टक्के हवा कमी असताना टायर पळवला गेला, तर तो रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय नुसती हवा भरून पुन्हा पळवू नये. आतल्या तारा मोडलेल्या असू शकतात, आणि तसा टायर हवा भरतानाच फुटून दुकानातल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून बसवर इशारा दहा-पंधरा टक्क्यांच्या घटीलाच वाजला पाहिजे. चांगल्या संचात आणखी एक सोय असते: हवा भराभर उतरू लागली, तर रेघ ओलांडायची वाट न बघता तो लगेच वाजतो.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सेन्सर टायरातला दाब सांगतो. टायरचं वय सांगत नाही. वठलेल्या रबराचा टायर पूर्ण दाब दाखवत दाखवत फाटू शकतो. वय टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. एका लंबगोलात चार आकडे असतात. ३५१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला. हे वाचायला चष्म्याशिवाय काही लागत नाही. टोपीसारखा बाहेर लावलेला सेन्सर जे तापमान दाखवतो, त्यावरही फार विसंबू नये; तो वाऱ्यात असतो, टायरच्या पोटात नाही. रबरी व्हॉल्ववर सेन्सरचं वजन आलं, तर वेगात तो हलून हलून चिरतो. म्हणून व्हॉल्व धातूचा हवा. आतल्या चाकाला नळी जोडून व्हॉल्व बाहेर आणतात, ती नळी सैल असेल तर यंत्रामुळेच हवा जायची. आणि रस्त्यात पडलेल्या लोखंडाच्या तुकड्यानं टायर एका क्षणात कापला, तर कुठलंही यंत्र आधी सांगू शकत नाही.

तरीही टायरची हवा बहुतेक वेळा हळूहळू जाते. खिळा रुतून बसतो, व्हॉल्व झिजतो, रिमच्या कडेला गंज धरतो. म्हणजे खबर घ्यायला वेळ असतो. तो वेळ वाया जाऊ न देणं, एवढंच या यंत्राचं काम.

युरोपनं ही गोष्ट टप्प्याटप्प्यानं केली. तिथं २०१४ सालापासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. बस आणि ट्रक तेव्हा बाहेरच होते. पुढं २०२२पासून त्यांच्या नव्या बनावटींना आणि जुलै २०२४पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या बस-ट्रकला नियम लागू झाला. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२० साली मोटार वाहन नियमांत एक बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ही यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असेल, तर तिला स्टेपनी ठेवायची गरज नाही, असा तो बदल. म्हणजे इथंही कायदा या यंत्राशी बोलला तो छोट्या गाडीच्या निमित्तानं.

आपले रस्ते मात्र मोठ्या गाडीचेही बदललेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्यानं खुला होत जून २०२५मध्ये पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर, सरळ, सिमेंटचा. पूर्वी वीस-पंचवीस किलोमीटरवर गाव यायचं, गतिरोधक यायचा, चहाची टपरी यायची. चालक उतरायचा, टायरला लाथ मारून बघायचा. आता तासन्‌तास न थांबता, एकाच वेगानं चाक फिरत राहतं. टायरला निवायला उसंत नाही आणि चालकाला बघायला निमित्त नाही. तिथल्या प्रत्येक अपघाताचं कारण टायर नसतं. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस माणसं गेली, तेव्हा चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं होतं, पण परिवहन खात्याच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही. झोप आणि वेग हे टायरइतकेच मोठे शत्रू आहेत. पण टायरचा शत्रू आपल्याला ओळखता येतो, मोजता येतो, आणि त्याला आवरणारं यंत्र बाजारात मिळतं. मग ते बसला का लावू नये? दोन जळलेले टायर, त्यांच्या शेजारच्या ब्रेकच्या नळ्या आणि वर बसलेली माणसं यांच्यापुढं त्याचा खर्च किरकोळ आहे.

आता चालकाच्या पगाराकडे येतो. यंत्र लावलं, रात्री दोन वाजता ते वाजलं, पडद्यावर आतल्या चाकापाशी लाल आकडा आला. पुढं काय? गाडीत झोपलेले प्रवासी सकाळी सहाला पोचायचं म्हणून निघालेत. उशीर झाला तर मालक बोलणार आहे. टायर बदलायला माणूस बोलावला तर पैसे कोण देणार, हे ठरलेलं नाही. मागच्या वेळी पगारातून कापले होते. अशा चालकाचा हात यंत्राचा आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला, तर एकट्या त्याला दोष देता येणार नाही. अमेरिकेतल्या फिरत्या घराचा चालक स्वतःच गाडीचा मालक असतो; यंत्र वाजलं की तो थांबतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे यंत्र मालकाचं, गाडी मालकाची आणि जीव चालकाचा आणि प्रवाशांचा. म्हणून यंत्राबरोबर एक लेखी शब्दही द्यायला हवा: इशारा वाजल्यावर तू गाडी थांबवलीस, तर तुझा एक रुपया कापला जाणार नाही.

बसमालकांना माझी विनंती आहे, की जोडचाकांच्या प्रत्येक गाडीला हे यंत्र लावा आणि हा शब्द द्या. ज्या संस्था फिरते दवाखाने किंवा फिरती ग्रंथालयं चालवतात, त्यांनी गाडी भरून एकदा दोन्ही बाजूंचं वजन करून घ्यावं आणि टायरवरचे चार आकडे वाचावेत. आणि तुम्ही-आम्ही, म्हणजे जे पैसे देऊन बस ठरवतो, आपण एसी आहे का, गादी कशी आहे, टीव्ही चालतो का, एवढं सगळं विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवू या. चालकाला नीट, आदरानं विचारायचं: “दादा, आतल्या चाकांत हवा किती आहे?” त्यानं पडद्याकडे बघून आकडा सांगितला, तर सुखानं झोपा. त्यानं टॉमी उचलली, तर बॅटरी घेऊन तुम्हीही खाली उतरा, आणि त्याला आतपर्यंत उजेड दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)